फाइल शोधायला एव्हरीथिंग, पडद्यावर रेनमीटर: दोन्ही नीट बसवण्याची पद्धत

२००४ मध्ये आलेल्या गुगल डेस्कटॉपमध्ये दोन सोयी एकत्र होत्या. एक म्हणजे संगणकावरच्या फाइलींचा झटपट शोध, आणि दुसरी म्हणजे पडद्याच्या कडेला घड्याळ, हवामान वगैरे छोटी गॅजेट्स. सप्टेंबर २०११ मध्ये ते बंद झालं. विंडोज ७ मधली स्वतःची गॅजेट्स सुरक्षेच्या कारणावरून बंद ठेवा, असं मायक्रोसॉफ्टनेच २०१२ मध्ये सांगितलं आणि विंडोज ८ पासून ती काढून टाकली. आज ही दोन कामं दोन वेगळी मोफत सॉफ्टवेअर करतात: शोधासाठी व्हॉइडटूल्सचं एव्हरीथिंग आणि विजेटसाठी, म्हणजे पडद्यावरच्या अशा छोट्या गॅजेट्ससाठी, रेनमीटर. दोन्ही हलकी आहेत आणि जुन्या लॅपटॉपवरही चालतात. पण मराठी नावांच्या, मराठी मजकुराच्या फाइली ज्यांच्याकडे भरपूर आहेत, त्यांना काही गोष्टी आधी समजून घ्याव्याच लागतात. नाहीतर फाइल समोर असूनही ‘शून्य निकाल’ दिसतो आणि दोष सॉफ्टवेअरला दिला जातो.

आधी हे ठरवा: शोध नावाचा की मजकुराचा?

एव्हरीथिंग मुळात फाइलींची आणि फोल्डरांची नावं शोधतं, फाइलच्या आत काय लिहिलंय ते नाही. त्याचा वेगही यातूनच येतो. विंडोजची डिस्क सहसा एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट केलेली असते आणि त्या पद्धतीत डिस्कवरच्या प्रत्येक फाइलची नोंद एका मुख्य तक्त्यात ठेवलेली असते. एव्हरीथिंग एकेक फोल्डर उघडत बसत नाही, ते थेट हा तक्ता वाचतं. पुढचे बदल डिस्कच्या बदल-नोंदवहीतून त्याला कळत राहतात. म्हणून नुकत्याच बसवलेल्या विंडोज १० मधल्या सुमारे १ लाख २० हजार फाइलींची यादी साधारण एका सेकंदात तयार होते, दहा लाख फाइलींना मिनिटभर लागतं. दहा लाख फाइलींसाठी मेमरी लागते ती सुमारे ७५ एमबी.

यातूनच त्याच्या मर्यादाही कळतात. पेनड्राइव्ह किंवा मेमरी कार्ड बहुधा फॅट३२ किंवा एक्सफॅट पद्धतीचं असतं. त्यात असा तक्ता नसल्याने ते आपोआप यादीत येत नाही, हाताने जोडावं लागतं. यूएसबी केबलने जोडलेल्या मोबाइलला ड्राइव्हचं अक्षरच मिळत नाही, त्यामुळे त्यातलं काही सापडत नाही. झिप फाइलच्या आतली नावंही दिसत नाहीत.

एव्हरीथिंग बसवताना

इन्स्टॉलर व्हॉइडटूल्सच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच घ्या. ‘फ्री डाउनलोड’च्या नावाखाली भलतंच गळ्यात बांधणाऱ्या साइट भरपूर आहेत. पुढचं सगळं १.४ या आवृत्तीला धरून आहे. ६४-बिट विंडोज असेल तर ६४-बिट इन्स्टॉलर निवडा. तिथे ‘लाइट’ नावाचा प्रकारही दिसेल. त्यात इतर प्रोग्रामशी बोलण्याची सोय आणि नेटवर्क सर्व्हर नसतात. टास्कबारमध्ये शोधपट्टी देणारं एव्हरीथिंग टूलबार पुढे कधी वापरायचं असेल तर लाइट घेऊ नका, ते त्याच्याबरोबर चालत नाही.

बसवताना ‘एव्हरीथिंग सर्व्हिस’ हा पर्याय येतो, तो निवडलेला राहू द्या. डिस्कचा मुख्य तक्ता वाचायला ॲडमिनिस्ट्रेटरचे अधिकार लागतात. सर्व्हिस बसवली की ते काम पार्श्वभूमीवर होतं आणि दर वेळी परवानगीची खिडकी उघडत नाही. सर्व्हिस नसेल आणि प्रोग्राम साध्या अधिकारांनी चालू केला तर यादी रिकामीच राहते. ‘बसवलं पण काहीच दिसत नाही’ या तक्रारीचं सर्वात नेहमीचं कारण हेच. उपाय: टूल्स, ऑप्शन्स, जनरलमध्ये जाऊन ‘एव्हरीथिंग सर्व्हिस’वर खूण करा.

मग त्याच ऑप्शन्सच्या खिडकीत चार गोष्टी करून घ्या.

१. जनरलमध्ये ‘स्टार्ट एव्हरीथिंग ऑन सिस्टिम स्टार्टअप’ चालू ठेवा.

२. जनरलखालच्या कीबोर्ड भागात ‘शो विंडो हॉटकी’ नेमून द्या, म्हणजे कुठल्याही कामाच्या मधून दोन-तीन कळांत शोधखिडकी येईल. नेहमीच्या सॉफ्टवेअरमध्ये किंवा भाषा बदलायला वापरत असाल ते कळांचं जुळणं टाळा. विंडोजमध्ये मराठी-इंग्रजी कीबोर्ड बदलायला विंडोज आणि स्पेस या कळा लागतात, त्या नकोतच.

३. इंडेक्सेसखाली फोल्डर्समध्ये जाऊन एक्सफॅट पेनड्राइव्ह, नेटवर्कवरची डिस्क किंवा ऑफिसातलं सामायिक फोल्डर जोडा. अशा ठिकाणचे बदल ताबडतोब कळतीलच असं नाही, म्हणून तिथेच फेरतपासणीची वेळ ठरवता येते. दिवसातून एकदा पुरतं. सामायिक फोल्डरमध्ये सतत भर पडत असेल तर काही तासांनी ठेवा.

४. इंडेक्सेसखाली एक्सक्लूडमध्ये विंडोजचं मुख्य फोल्डर वगळा. निकालात सिस्टिमच्या हजारो फाइली मिसळत नाहीत आणि चुकून त्यातलं काही पुसलं जाण्याचा धोकाही टळतो. कारण एव्हरीथिंगच्या यादीतल्या ओळी नुसत्या नोंदी नाहीत. तिथे डिलीटची कळ दाबली तर खरी फाइल रिसायकल बिनमध्ये जाते.

ऑप्शन्समध्ये एचटीटीपी सर्व्हर आणि एफटीपी सर्व्हर असेही भाग आहेत. मुळात ते बंद असतात आणि घरगुती वापरात बंदच असू द्यावेत. चालू केले तर त्याच नेटवर्कवरचा दुसरा माणूस ब्राउझरमधून तुमच्या फाइलींची यादी पाहू शकतो, फाइली उतरवूनही घेऊ शकतो. सायबर कॅफेत किंवा हॉस्टेलच्या सामायिक वाय-फायवर ही मोठी चूक ठरेल.

शोधण्याची भाषा

साधा नियम असा: शब्दांमध्ये मोकळी जागा सोडली की ते सगळे शब्द नावात हवेत असा अर्थ होतो, क्रम कुठलाही चालतो. ‘अहवाल वार्षिक’ लिहिलं तरी ‘वार्षिक_अहवाल_अंतिम’ सापडतो. उभी रेघ म्हणजे ‘किंवा’, उद्गारचिन्ह म्हणजे ‘हा शब्द नको’, आणि दुहेरी अवतरणचिन्हांत लिहिलेलं जसंच्या तसं शोधलं जातं. शब्दाचा तुकडाही चालतो. ‘बारा’ टाकलं तरी ‘सातबारा’ मिळतो. विंडोजचा स्वतःचा शोध बहुतेक वेळा शब्दाच्या सुरुवातीपासून जुळवतो, त्यामुळे तिथे हे जमत नाही.

‘किंवा’चा सर्वात मोठा उपयोग मराठी माणसालाच आहे. कारण एकाच कागदाची नावं घरातल्या प्रत्येकाने वेगळी ठेवलेली असतात. जमिनीचा उतारा शोधताना सातबारा, मग उभी रेघ, मग इंग्रजी लिपीतला सातबारा एका ‘ए’ने, मग तोच दोन ‘ए’नी, मग ७-१२ असे सगळे प्रकार एका ओळीत लिहा. तिरपी रेघ विंडोजच्या फाइलनावात चालत नाही, त्यामुळे ७/१२ असं नाव कुणाच्याच संगणकावर नसतं. लोकांनी ७-१२, ७_१२ किंवा नुसतं ७१२ लिहिलेलं असतं. आणि देवनागरी ७ आणि इंग्रजी सात ही संगणकाच्या लेखी दोन वेगळी अक्षरं आहेत, म्हणून अंक दोन्ही लिप्यांत देऊन बघा.

नावाखेरीज तारीख, आकार, प्रकार यांवरूनही शोधता येतं. त्याच्या आज्ञा इंग्रजी अक्षरांत टाइप करायच्या असतात, इथे त्यांचा उच्चार दिला आहे. ई-एक्स-टी ही तीन अक्षरं, त्याला चिकटून अपूर्णविराम आणि लगेच पीडीएफ लिहिलं की फक्त पीडीएफ दिसतात. डी-एम, अपूर्णविराम आणि ‘टुडे’ म्हणजे आज बदललेल्या फाइली, ‘लास्टवीक’ म्हणजे मागच्या आठवड्यातल्या. ‘साइझ’, अपूर्णविराम, ‘पेक्षा मोठं’चं चिन्ह आणि १०० एमबी म्हणजे त्याहून मोठ्या फाइली. आज्ञेत कुठेही जागा सोडायची नाही आणि अंक इंग्रजीतच लिहायचे. अपूर्णविरामाच्या जागी मराठी कीबोर्डवरचा विसर्ग पडला तर आज्ञा चालत नाही. दोन्ही दिसतात सारखे, म्हणून ही चूक डोळ्यांना पकडता येत नाही.

पीडीएफ आणि टुडे या दोन आज्ञा मधे एक जागा सोडून एकत्र लिहिल्या की ‘आत्ताच डाउनलोड केली, पण गेली कुठे?’ या रोजच्या प्रश्नाचं उत्तर मिळतं. सरकारी संकेतस्थळांवरून किंवा बँकेतून उतरवलेल्या फाइलींची नावं बहुतेक वेळा आकड्यांची रांग असतात. तिथे नाव आठवून काही उपयोग नसतो, तारीख आणि प्रकारच कामाला येतात. अँड्रॉइडवर व्हॉट्सॲपमधून आलेल्या फाइलींच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस असे आठ अंक असतात. ते फोटो संगणकावर घेतले असतील तर १५ जानेवारी २०२४ चे फोटो २०२४०११५ हे अंक इंग्रजीत टाकून मिळतात.

हे पाठ करायचं नसेल तर सर्च मेनूत ‘ॲडव्हान्स्ड सर्च’ आहे. रकाने भरले की आज्ञा तो स्वतः लिहितो. पहिले काही दिवस ते वापरून शोधपट्टीत काय उमटतं ते पाहत राहणं, हा शिकण्याचा चांगला मार्ग आहे. नेहमीचा शोध बुकमार्क मेनूतून साठवूनही ठेवता येतो.

तारांकनाबद्दल एक सावधगिरी. तारांकन किंवा प्रश्नचिन्ह वापरलं की एव्हरीथिंग पूर्ण नाव जुळवायला बघतं. ‘सातबारा’ लिहून पुढे तारांकन दिलं तर फक्त सातबारा या शब्दाने सुरू होणारी नावं मिळतील, ‘गावचा सातबारा’ सुटेल. तुकड्याने शोधायचं असेल तर तारांकन देऊच नका.

निकाल मिळाल्यावर कंट्रोल आणि एंटर दाबलं की फाइल न उघडता ती ज्या फोल्डरमध्ये आहे ते उघडतं. कंट्रोल, शिफ्ट आणि सी दाबलं की पूर्ण पत्ता कॉपी होतो. एखाद्या संकेतस्थळावर कागदपत्र अपलोड करताना तो पत्ता फाइल निवडण्याच्या खिडकीत चिकटवला की फोल्डर धुंडाळावं लागत नाही. आणि काहीही टाइप केलं तरी निकाल विचित्र येत असतील तर कंट्रोल-बी, कंट्रोल-यू किंवा कंट्रोल-आर चुकून दाबलं गेलं आहे का पाहा. त्यांनी अनुक्रमे पूर्ण शब्द, पूर्ण पत्ता आणि रेग्युलर एक्स्प्रेशन (चिन्हांच्या नमुन्याने शोध) या खुणा चालू होतात. सर्च मेनूत त्या दिसतात, तिथूनच काढा.

मराठी नावं का सापडत नाहीत

संगणक अक्षराचं रूप पाहत नाही, त्याचा सांकेतिक क्रमांक पाहतो. मराठीत काही अक्षरं दिसायला एक, पण साठवायला दोन प्रकारची आहेत. ‘ॲ’साठी युनिकोडमध्ये स्वतंत्र अक्षर २००८ मध्ये आलं. त्याआधी, आणि काही कीबोर्डांवर अजूनही, ‘अ’ लिहून त्यावर अर्धचंद्र दिला जातो. ‘ॲडमिशन’ नावाची फाइल एका पद्धतीने लिहिली असेल आणि तुम्ही दुसऱ्या पद्धतीने शोधलं तर काहीही मिळणार नाही. उपाय सोपा आहे: वादाचं अक्षर सोडून द्या, ‘डमिशन’ शोधा.

तीच गत ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ची. काही कीबोर्ड इथे ‘ऱ’ हे वेगळं अक्षर वापरतात, तर काही साधा ‘र’ घेऊन पुढे एक न दिसणारं जोडचिन्ह घालतात. ‘शेतकऱ्यांची यादी’ शोधायची तर ‘शेतक’ एवढंच लिहा. त्यात ‘शेतकरी’ही येतो आणि दोन्ही प्रकारचे ‘शेतकऱ्यांची’ही.

शब्दांची सामान्यरूपंही अशीच धरा. ‘पाऊस’ शोधलं तर ‘पावसाची नोंद’ सापडणार नाही, ‘पाव’ शोधलं तर सापडेल, पण मग ‘पाऊस’ सुटेल; अशा वेळी दोन्ही मधे उभी रेघ देऊन लिहा. मराठी शोधाचा हा पाया म्हणावा लागेल: शब्दाचा जो भाग विभक्ती लागली तरी बदलत नाही तोच टाइप करा. आणि नव्या फाइलींना नावं देताना एकच कीबोर्ड, एकच अंकलिपी आणि वर्ष-महिना-दिवस हा क्रम ठेवा.

फाइलच्या आतला मजकूर

एव्हरीथिंगमध्ये ‘कंटेंट’ अशी आज्ञा आहे, तिने फाइलच्या आतला शब्द शोधता येतो. पण १.४ आवृत्तीत मजकुराचा इंडेक्स, म्हणजे आधीच बनवून ठेवलेली शब्दांची सूची, नसतो. ती प्रत्येक फाइल त्या क्षणी उघडून वाचते. अख्ख्या डिस्कवर चालवली तर संगणक बराच वेळ अडकून बसेल. म्हणून आधी शोध आवळायचा: फोल्डरचा पत्ता, मग प्रकार, जमल्यास तारीख, आणि सगळ्यात शेवटी कंटेंट, अपूर्णविराम आणि शब्द. आधीच्या अटींनी यादी शंभर-दोनशे फाइलींवर आली की हा शोध सुसह्य होतो. वनड्राइव्हमध्ये ‘फक्त ऑनलाइन’ ठेवलेल्या फाइली असतील तर त्या फोल्डरवर हा शोध लावू नका. मजकूर वाचण्यासाठी त्या एकेक उतरवल्या जातील आणि मोबाइलच्या हॉटस्पॉटवर असाल तर डेटा संपेल.

मजकूर रोजच शोधावा लागत असेल तर इंडेक्स हवाच. विंडोजचा स्वतःचा इंडेक्स त्यासाठी पुरेसा आहे, फक्त तो मोजक्या फोल्डरांपुरता ठेवा. कंट्रोल पॅनेलमधल्या ‘इंडेक्सिंग ऑप्शन्स’मध्ये ‘मॉडिफाय’ दाबून कागदपत्रांची फोल्डरं निवडा. मग ‘ॲडव्हान्स्ड’मध्ये ‘फाइल टाइप्स’ला जाऊन पीडीएफ आणि वर्डच्या प्रकारांसमोर ‘गुणधर्म आणि मजकूर’ हा पर्याय आहे ना ते पाहा. शोध अर्धवट येऊ लागला तर तिथेच ‘रीबिल्ड’ आहे. त्याला काही तास लागू शकतात, म्हणून रात्री चार्जर लावून करा. निवडक फोल्डरांसाठी डॉकफेचर हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअरही आहे. ते सापडलेला शब्द मजकुरात रंगवून दाखवतं. मराठी फाइलींसाठी वापरण्याआधी एका छोट्या फोल्डरवर चाचणी घ्या.

पण दोन प्रकारच्या फाइली यातल्या कशानेच सापडत नाहीत, आणि महाराष्ट्रातल्या जवळपास प्रत्येक जुन्या कार्यालयात त्याच जास्त असतात.

पहिला प्रकार म्हणजे श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव अशा जुन्या फाँटांत टाइप केलेला मजकूर. पडद्यावर मराठी दिसत असलं तरी फाइलमध्ये साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं, मराठी रूप केवळ फाँट देतो. त्यामुळे युनिकोड मराठीत शोधलेला शब्द तिथे नसतोच. तात्पुरता मार्ग असा: त्या फाँटातली एक फाइल उघडा, हवा तो शब्द निवडून कॉपी करा आणि शोधपट्टीत चिकटवा. पट्टीत काहीतरी अगम्य दिसेल, पण तोच खरा साठवलेला मजकूर आहे, आणि त्याच फाँटातल्या इतर फाइली त्याने सापडतात. कायमचा मार्ग म्हणजे त्या फाइली परिवर्तकाने युनिकोडमध्ये आणणं. त्यानंतर जोडाक्षरं आणि रफार डोळ्यांखालून घालायलाच हवेत, कारण चुका नेमक्या तिथेच होतात.

दुसरा प्रकार स्कॅन केलेल्या पीडीएफचा. त्यात अक्षरं नसतात, अक्षरांचा फोटो असतो. ओळखायची युक्ती: पीडीएफमधला एखादा शब्द माउसने निवडून बघा, निवडला जात नसेल तर ती प्रतिमा आहे. अशा फाइलींसाठी नॅप्स२ हे मोफत सॉफ्टवेअर चांगलं. त्यात ओसीआर (प्रतिमेतली अक्षरं ओळखण्याची सोय) चालू करताना मराठी आणि इंग्रजी दोन्ही भाषा उतरवून घ्या, पीडीएफ इम्पोर्ट करा आणि नव्या नावाने पीडीएफ म्हणून जतन करा. प्रतिमेमागे शोधता येईल असा मजकूर जोडला जातो. नव्याने स्कॅन करत असाल तर ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके) ठेवा. त्याहून कमीत अनुस्वार आणि रुकार हरवतात. हस्तलिखित फेरफार किंवा मोडी कागद मात्र यातून निघणार नाहीत. तिथे नाव नीट देणं हाच उपाय.

काढून ठेवलेल्या डिस्कची यादी

कपाटात ठेवलेल्या जुन्या बाहेरच्या डिस्कवर काय आहे हे ती न जोडता कळू शकतं. डिस्क एकदा जोडा, टूल्समधल्या ‘फाइल लिस्ट एडिटर’मध्ये ती डिस्क फोल्डर म्हणून घाला आणि यादी जतन करा. मग ऑप्शन्समध्ये इंडेक्सेसखाली ‘फाइल लिस्ट्स’मध्ये ती यादी जोडा. आता शोधात त्या फाइलींची नावं येतात. यादीला डिस्कवर चिकटवलेल्या लेबलचंच नाव द्या.

रेनमीटर: पडद्यावर मराठी घड्याळ

रेनमीटर मुक्तस्रोत आहे. प्रत्येक विजेटला त्यात ‘स्किन’ म्हणतात आणि स्किन म्हणजे साधी मजकूर-फाइल, नोटपॅडमध्ये उघडून बदलता येते. बसवल्यावर ‘इलस्ट्रो’ नावाचा संच आपोआप दिसतो: घड्याळ, डिस्क, नेटवर्क, सिस्टिम, रिसायकल बिन. पहिल्या दिवशी इंटरनेटवरून भरमसाट स्किन उतरवण्यापेक्षा या संचावर हात बसवावा असं माझं ठाम मत आहे.

सगळी फोल्डरं ‘डॉक्युमेंट्स’मधल्या ‘रेनमीटर’मध्ये ‘स्किन्स’खाली असतात. मूळ फाइलीत बदल करू नका. ‘इलस्ट्रो’ फोल्डरची प्रत करा, तिला इंग्रजी अक्षरांतलं नवं नाव द्या, आणि घड्याळाशेजारच्या ट्रेमधल्या रेनमीटरच्या थेंबावर उजवी टिचकी देऊन ‘रिफ्रेश ऑल’ करा. रिफ्रेश केल्याशिवाय नवं फोल्डर यादीत येत नाही. मग ‘मॅनेज’ उघडून नव्या फोल्डरमधलं ‘क्लॉक’ निवडा, ‘लोड’ करा आणि ‘एडिट’ दाबा.

नोटपॅड उघडल्यावर पहिलं काम: ‘सेव्ह ॲज’मध्ये जाऊन एन्कोडिंग ‘यूटीएफ-१६ एलई’ निवडा आणि त्याच नावाने जतन करा. हे राहिलं की मराठीऐवजी कचरा अक्षरं दिसतात. नोटपॅड सहसा यूटीएफ-८ सुचवतो, आणि स्किनमध्ये देवनागरी चालण्यासाठी रेनमीटरला यूटीएफ-१६ एलई लागतं.

आता फाइलमध्ये वार देणारा ‘मेझर-डे’ विभाग शोधा. तिथे फॉरमॅटसमोर टक्क्याचं चिन्ह आणि मोठं ए असतं, म्हणजे वाराचं पूर्ण इंग्रजी नाव. त्याच्याखाली नवी ओळ घाला: इंग्रजीत ‘सबस्टिट्यूट’, बरोबरचं चिन्ह, आणि पुढे जोड्या. प्रत्येक जोडीत इंग्रजी वार अवतरणचिन्हांत, अपूर्णविराम, मराठी वार अवतरणचिन्हांत. दोन जोड्यांमध्ये स्वल्पविराम. सातही वार एकाच ओळीत लिहायचे. इंग्रजी वाराचं पहिलं अक्षर मोठं हवं, लहान-मोठं अक्षर चुकलं तर बदल होत नाही. तारखेच्या ‘मेझर-डेट’ आणि वेळेच्या ‘मेझर-टाइम’ विभागातही हीच ओळ देऊन इंग्रजी अंकांच्या जागी ० ते ९ हे देवनागरी अंक आणता येतात.

अवतरणचिन्हं सरळ हवीत. वर्डमध्ये किंवा व्हॉट्सॲपवर लिहून चिकटवलं की ती वाकडी होतात आणि ओळ निकामी ठरते. स्किन नीट दिसत नसेल तर ट्रेमधून ‘अबाउट’ उघडून ‘लॉग’ वाचा, काही चुका तिथे विभागाच्या नावासकट लिहिलेल्या असतात.

मग ‘व्हेरिएबल्स’ विभागात फाँटचं नाव असतं, तिथे इंग्रजी अक्षरांत ‘निर्मला यूआय’ लिहा. हा फाँट विंडोज ८ पासून संगणकावर असतोच आणि बारीक आकारातही मात्रा स्पष्ट दिसतात. आकार ८ असतो, तो देवनागरीला अपुरा पडतो, १० किंवा ११ करा. वेलांटी किंवा उकार कापला गेला तर त्या मीटरच्या (पडद्यावर दिसणाऱ्या त्या ओळीच्या) विभागात एच या अक्षरासमोरचा उंचीचा आकडा पाच-सहाने वाढवा. जतन करा, स्किनवर उजवी टिचकी, ‘रिफ्रेश’.

जागा जमली की उजव्या टिचकीतल्या ‘सेटिंग्ज’मध्ये ‘पोझिशन’ला ‘ऑन डेस्कटॉप’ निवडा, म्हणजे विजेट सगळ्या खिडक्यांच्या खाली राहील. ‘ड्रॅगेबल’ची खूण काढली की ते चुकून सरकत नाही. ‘क्लिक थ्रू’ मात्र विचार करून लावा. त्यानंतर स्किन साधी टिचकी घेत नाही; खूण काढायला ट्रेमधून ‘मॅनेज’मध्ये जाता येतं. सगळं मनासारखं झालं की ‘मॅनेज’मधल्या ‘लेआउट्स’मध्ये जतन करा. प्रोजेक्टर जोडल्यावर विजेट इकडेतिकडे झाली तर एका टिचकीत मांडणी परत येते.

विजेटवरून थेट शोध

दोन्ही सॉफ्टवेअरची खरी जोडी इथे जमते. पडद्यावर ‘आजच्या पीडीएफ’ असं लिहिलेलं असेल आणि टिचकी मारली की एव्हरीथिंग तोच शोध घेऊन उघडेल.

आधी शॉर्टकट बनवा. डेस्कटॉपवर उजवी टिचकी, ‘न्यू’, ‘शॉर्टकट’. पत्त्याच्या जागी सी ड्राइव्हवरच्या ‘प्रोग्राम फाइल्स’मधल्या एव्हरीथिंगच्या ईएक्सई फाइलचा पूर्ण पत्ता दुहेरी अवतरणात लिहा. मग एक जागा सोडून आडवी छोटी रेघ आणि त्याला चिकटून लहान एस, पुन्हा एक जागा, आणि शेवटी शोधाच्या आज्ञा दुहेरी अवतरणात. आज्ञा तीच: पीडीएफची आणि टुडेची. शॉर्टकटवर दोनदा टिचकी मारून चालतो का ते आधी पाहा. चालला की तो अशा फोल्डरमध्ये हलवा जिथून पुन्हा हलणार नाही.

आता स्किनच्या शेवटी नवा विभाग घाला. चौकोनी कंसात इंग्रजी नाव, खाली ‘मीटर’ बरोबर ‘स्ट्रिंग’, ‘टेक्स्ट’ बरोबर ‘आजच्या पीडीएफ’, एक्स आणि वाय या जागा, फाँट आणि रंग. मग ‘लेफ्ट-माउस-अप-ॲक्शन’ हे शब्द जोडून लिहा, बरोबर, आणि चौकोनी कंसात अवतरणचिन्हांत शॉर्टकटचा पूर्ण पत्ता, शेवटच्या एलएनके या अक्षरांसकट. विंडोज ही अक्षरं लपवतो, पण ती लिहावीच लागतात. अजून एक ओळ विसरू नका: ‘सॉलिड-कलर’ (हेही जोडूनच) बरोबर ०,०,०,१, अंक इंग्रजीत. पूर्ण पारदर्शक जागेवरची टिचकी स्किनला मिळत नाही, ती मागे डेस्कटॉपवर जाते. ही ओळ नसेल तर फक्त अक्षराच्या रेघेवर नेमकी टिचकी लागली तरच शोध उघडतो. शेवटचा १ म्हणजे डोळ्यांना न जाणवणारा पण टिचकी अडवणारा रंग.

अशाच ओळी एकाखाली एक वाढवता येतात: मागच्या आठवड्यातले फोटो, १०० एमबीपेक्षा मोठे व्हिडिओ, सातबाऱ्याचे सगळे प्रकार.

बाहेरची स्किन घेताना

रेनमीटरची पॅकेज (स्किनचे तयार गठ्ठे) एकाच टिचकीत बसतात, म्हणून बसण्याआधीची खिडकी वाचा. त्यात काय काय बसणार ते लिहिलेलं असतं. नुसती स्किन असेल तर फाइल नोटपॅडमध्ये उघडून पाहता येते. प्लगइनही असेल तर तो आतून वाचता न येणारा प्रोग्राम आहे आणि तुमच्या अधिकारांनी चालतो. कोणी केला ते माहीत नसेल तर घेऊ नका. विंडोज ७ ची गॅजेट्स बंद करायची वेळ अशाच वाटेने येणाऱ्या धोक्यांमुळे आली होती.

हवामानाची जुनी स्किन बहुतेक वेळा रिकामी दिसतात, कारण ती ज्या सेवेवरून माहिती घेत होती ती सेवाच बंद झालेली असते. त्यात तुम्हाला दुरुस्त करण्यासारखं काही नसतं. अलीकडे अद्ययावत केलेलं स्किन शोधा.

लॅपटॉपचा पंखा सतत फिरू लागला तर स्किनमधला ‘अपडेट’चा आकडा पाहा. तो मिलिसेकंदांत असतो. १००० म्हणजे सेकंदातून एकदा, घड्याळाला तेवढं पुरतं. गाण्याच्या तालावर नाचणाऱ्या पट्ट्यांच्या स्किनमध्ये तो २०-२५ असतो, म्हणजे सेकंदाला चाळीस-पन्नास वेळा सगळं नव्याने काढलं जातं. बॅटरीवर असताना अशी स्किन ‘अनलोड’ करा. माहिती इंटरनेटवरून आणणाऱ्या स्किनमध्ये ‘अपडेट-रेट’ वेगळा असतो. तो मिलिसेकंदांत नाही, अपडेटच्या फेऱ्यांत मोजतात. अपडेट १००० आणि अपडेट-रेट ६०० असेल तर दर दहा मिनिटांनी नवी माहिती येते. अपडेट कमी करताना हा आकडा तसाच ठेवला तर संकेतस्थळावर विनंत्यांचा मारा होतो आणि ते तुमचा पत्ता रोखू शकतं.

नवा संगणक घेतल्यावर ‘रेनमीटर’ फोल्डर डॉक्युमेंट्समधून आणि दोन्ही प्रोग्रामची सेटिंग्ज वापरकर्त्याच्या ‘ॲपडेटा’ फोल्डरमधल्या ‘रोमिंग’मधून उचलून न्या. एव्हरीथिंगची शोध-यादी नेण्याची गरज नाही, ती तिथे नव्याने बनते. शॉर्टकटचे पत्ते मात्र तपासून घ्या. वापरकर्त्याचं नाव बदललं असेल तर विजेटवरची टिचकी काहीच उघडणार नाही.